ब्रेक का थरथरतो?

पाठाची ओळख

धावणाऱ्या वाहनाकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत त्याचा वेग भरतो. परंतु वाहनाची खरी परीक्षा होते ती ते थांबताना. गाडी नवी असते, इंजिन उत्तम चालते, तरीही काही महिन्यांतच ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गॅरेजमध्ये तत्काळ उत्तर मिळते, "डिस्क वाकली." नवी डिस्क बसते, पैसे खर्च होतात आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर पुन्हा सुरू होते. असे का घडते? डिस्क खरोखरच वाकते काय? या प्रश्नांचा शोध प्रस्तुत पाठात घेतला आहे. वाहन चालवणे किंवा दुरुस्त करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना हा पाठ उपयोगी पडेलच. पण कोणत्याही बिघाडाचे नेमक्या शब्दांत वर्णन कसे करावे, हेही त्यातून शिकता येईल.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हाला
• ब्रेकचे कार्य आणि उष्णता यांतील संबंध स्पष्ट करता येईल;
• ब्रेकच्या थरथरीची खरी कारणे सांगता येतील;
• लक्षण, निदान व उपाय यांतील फरक ओळखता येईल;
• वाहनाच्या बिघाडाची तक्रार मुद्देसूद व अचूक भाषेत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. रहदारीची परीक्षा

बेंगळुरू शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम हे उपनगर आहे. लोकव्यवहारात त्याचे नाव के. आर. पुरम असेच रूढ आहे. जुना मद्रास रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग यांची वाहतूक येथे एकत्र येते. रेल्वेमार्गावरील तारांनी तोललेला पूल ही या भागाची खूण. पुढे व्हाईटफिल्डकडे जाणाऱ्या हजारो नोकरदारांना याच परिसरातून जावे लागते. मार्च २०२३ मध्ये के. आर. पुरम ते व्हाईटफिल्ड आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये के. आर. पुरम ते बैयप्पनहळ्ळी असा मेट्रोमार्ग खुला झाला. तथापि रस्त्यावरील गर्दी संपलेली नाही.

अशा रस्त्यावर गाडी चालते कमी आणि थांबते अधिक. चार हात पुढे जायचे, ब्रेक दाबायचा. पुन्हा चार हात पुढे, पुन्हा ब्रेक. पुलाच्या उतारावर तर पाय ब्रेकवरून उचलताच येत नाही. पावसाळ्यात त्यात साचलेल्या पाण्याची भर पडते. रोज असा प्रवास करणारी गाडी सुटीच्या दिवशी नंदी टेकड्यांच्या घाटात जाते किंवा महामार्गाने कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे निघते. शहरात चाळीसच्या वेगाने जाताना जे जाणवत नव्हते, ते महामार्गावर ऐंशीच्या वेगात अकस्मात जाणवते. ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग डावीउजवीकडे हेलकावते आणि पायाखालचे पेडल नाडीसारखे उडू लागते. गाडी नवी असल्यामुळे मालकाला धक्का अधिक बसतो. हा दोष कारखान्याचा, गॅरेजचा, रस्त्याचा की चालवणाऱ्याचा, या वादाला तेथूनच तोंड फुटते. त्याचा निवाडा करण्यापूर्वी ब्रेक म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

२. वेगाची उष्णता होते

ब्रेक वेग नाहीसा करतो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप बदलते. ब्रेक हे वेगाचे रूपांतर उष्णतेत करणारे साधन होय.

साधे गणित पाहू. प्रवाशांसह १२०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ३ लाख ज्यूल असते. गाडी पूर्ण थांबते तेव्हा यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते. एवढ्या उष्णतेने एक लिटर साधे पाणी जवळजवळ उकळीपर्यंत तापवता येईल. चुलीला ज्या कामासाठी काही मिनिटे लागतात, ते काम ब्रेक चार-पाच सेकंदांत करतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट होते. ताशी ४० किलोमीटरवरून थांबताना जी उष्णता निर्माण होते, तिच्या चौपट उष्णता ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना निर्माण होते.

घाटाचे गणित याहून कठीण आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, तर खोपोली घाटाच्या पायथ्याशी. म्हणजे बोरघाट उतरताना गाडी ५०० मीटरहून अधिक खाली येते. केवळ ५०० मीटरच धरले, तरी वरील गाडीच्या ब्रेकना, सर्व भार त्यांच्यावरच टाकल्यास, ऐंशीच्या वेगावरून सुमारे वीस वेळा लागोपाठ थांबण्याएवढी उष्णता सोसावी लागेल. थंड होण्यास उसंत न मिळता तापलेले ब्रेक दुबळे होतात.

या दुर्बलतेची किंमत किती मोठी असू शकते, हे पुणे-बेंगळुरू महामार्गाने अनेकदा दाखवून दिले आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांचे नुकसान केले. अवजड वाहनांच्या ब्रेकची रचना मोटारीपेक्षा निराळी असते. परंतु उष्णतेचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो. म्हणून ब्रेकची तक्रार ही केवळ खर्चाची किंवा गैरसोयीची बाब नव्हे. ती जिवाशी निगडित असते.

३. डिस्क ब्रेकची रचना

डिस्क ब्रेकची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसवलेल्या जग्वार गाडीने जिंकली आणि या ब्रेककडे जगाचे लक्ष वेधले गेले. भारतात मात्र अँबेसडर व पद्मिनी या गाड्यांच्या जुन्या पिढ्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. आज बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक असतात.

रचना सोपी आहे. चाक ज्यावर बसते त्या भागाला हब म्हणतात. या हबवर बिडाची एक गोल तबकडी, म्हणजेच डिस्क, बसवलेली असते. ती चाकाबरोबर फिरते. डिस्कच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणारी दोन पॅड असतात. ही पॅड कॅलिपर नावाच्या चिमट्यात धरलेली असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि दोन्ही पॅड डिस्कला आवळतात. तळहातांच्या मध्ये फिरती थाळी धरून थांबवावी, तसा हा प्रकार आहे.

थाळी सर्वत्र सारख्या जाडीची असेल आणि सरळ रेषेत फिरत असेल, तर ती गुळगुळीतपणे थांबेल. पण तिची जाडी एका ठिकाणी किंचित अधिक असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तो जाड भाग तळहातांना बाहेर ढकलील. ब्रेकच्या थरथरीचे मूळ येथेच आहे.

हा फरक किती असावा? डिस्कच्या जाडीत केवळ ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला, तरी संवेदनशील गाडीत थरथर जाणवू शकते. हे माप माणसाच्या केसाहूनही बारीक आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांना कळत नाही. हातातील स्टिअरिंगला मात्र ते कळते. याचेही कारण गणितातच आहे. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगात असे चाक एका सेकंदात सुमारे बारा फेरे घेते. म्हणजे तो जाड भाग सेकंदाला बारा वेळा पॅडना धक्का देतो. पुढील चाके व स्टिअरिंग यांच्या जोडणीला याच सुमाराच्या कंपनाने सहज झोके मिळतात. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसेच हे आहे. चाळीसच्या वेगात धक्के निम्मे होतात आणि थरथर लपून राहते.

४. 'वाकलेली डिस्क' : शब्द आणि वस्तुस्थिती

"डिस्क वाकली" हा वाक्प्रयोग गॅरेजमध्ये इतका रुळला आहे की, तो निदान म्हणून स्वीकारला जातो. डिस्क अति तापली, म्हणून पत्र्यासारखी वाकडी झाली, अशी त्यामागची समजूत आहे. पण जाड बिडाची डिस्क नेहमीच्या वापरात अशी सहज वाकत नाही. अमेरिकन रेसिंग अभियंता कॅरोल स्मिथ यांनी या समजुतीचे खंडन करणारा एक प्रसिद्ध लेख लिहिला. शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक शहरातील गाडीच्या ब्रेकपेक्षा कितीतरी अधिक तापतात. तरीही थरथरीच्या तक्रारींमागे प्रत्यक्ष वाकणे नव्हे, तर डिस्कवर असमान चिकटलेले पॅडचे द्रव्य असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग थरथर कशाने होते? तिची तीन प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण पॅडचे असमान लेपन. चांगला ब्रेक केवळ घासून काम करत नाही. पॅडमधील द्रव्याचा अतिशय पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि पॅड त्या थरावर पकड घेते. डिस्क खूप तापलेली असताना गाडी थांबली आणि चालकाने ब्रेक घट्ट दाबून ठेवला, तर पॅडखालच्या भागात द्रव्य अधिक चिकटते. भाकरी तव्याच्या एका जागी चिकटून करपली की पुढची भाकरीही नेमकी तेथेच चिकटते. तव्याचा तो डाग जसा वाढत जातो, तसाच डिस्कवरचा डागही वाढतो. त्या जागी घर्षण अधिक होते, उष्णता अधिक होते आणि कालांतराने तेथील बिडाची घडणही बदलून तो भाग कठीण बनतो. कठीण भाग कमी झिजतो, भोवतालचा मऊ भाग अधिक झिजतो; त्यामुळे जाडीतील फरक वाढत जातो.

दुसरे कारण डिस्कचे डगमगणे. डिस्क स्वतः सरळ असते, परंतु हबवर ती सपाट बसलेली नसते. हबच्या पृष्ठभागावर गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा कण राहिला, तर डिस्क एका बाजूस किंचित कलते. हबचा व्यास लहान आणि डिस्कचा मोठा. म्हणून हबपाशी असलेला अल्प दोष डिस्कच्या कडेला सुमारे दुप्पट होऊन दिसतो. कललेली डिस्क फिरताना डगमगते. ब्रेक दाबलेला नसतानाही तिची पुढे येणारी बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला निसटती घासते. हजारो किलोमीटर असे घडत राहिले की ती बाजू झिजून पातळ होते आणि डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही.

तिसरे कारण चाकाच्या नटांचे असमान आवळणे. टायर बदलताना हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने नट धडाधड आवळले जातात. एक नट कमी, दुसरा नको तितका अधिक आवळला गेला की डिस्कवर विषम ताण येतो आणि ती डगमगू लागते.

या कारणांखेरीज कॅलिपरचे सरकते पिन अडकणे हाही दोष आढळतो. पॅड पूर्ण मागे न सरकल्यामुळे डिस्क सतत तापत राहते. अशा वेळी गाडी एका बाजूला ओढली जाते आणि एकाच चाकाला जळका वास येतो.

दुचाकीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिची डिस्क पातळ व उघडी असते. वाहनतळावर धक्का लागल्याने किंवा डिस्कचे कुलूप न काढताच गाडी पुढे रेटल्याने ती प्रत्यक्ष वाकू शकते. तेथे 'वाकली' हा शब्द अचूक ठरतो.

५. नव्या गाडीतच असे का?

जुन्या गाडीत झीज अपेक्षित असते. मग पाच-दहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हा दोष का यावा? वरील विवेचनात याचे उत्तर आहे. डगमगणारी डिस्क पहिल्याच दिवशी थरथरत नाही. झिजून जाडीत फरक पडण्यास काही हजार किलोमीटर जावे लागतात. म्हणजे दोष जन्मापासून असू शकतो, पण तो प्रकट होतो काही महिन्यांनी. नवी डिस्क बसवल्यावर काही काळ आराम पडतो आणि पुन्हा तीच तक्रार येते, त्याचेही कारण हेच. डिस्क बदलली, हबवरचा गंज मात्र तसाच राहिला.

दुसरे असे की, नवी पॅड व नवी डिस्क यांची एकमेकांशी ओळख व्हावी लागते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर मध्यम व सावकाश ब्रेक लावल्यास डिस्कवर सारखा थर बसतो. नव्या गाडीच्या उत्साहात पहिल्याच आठवड्यात घाट गाठून कडक ब्रेक लावले, तर थर ठिकठिकाणी जाडपातळ बसतो. याशिवाय विक्रीपूर्वी गाडी महिनोन्महिने उघड्यावर उभी राहिली असेल, तर डिस्क गंजते. पॅडखाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांत फरक पडतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते. त्यामुळे डिस्क कमी वापरली जाते आणि तिच्यावर गंज राहण्याचा संभव वाढतो.

पाठगत प्रश्न १

१. वेग दुप्पट झाल्यास ब्रेकमधील उष्णता किती पट होते?
२. हबवरील गंजामुळे डिस्कची जाडी कालांतराने असमान कशी होते, ते चार वाक्यांत लिहा.
३. तव्याचे उदाहरण पाठात कोणत्या संदर्भात आले आहे?

६. निदानाची रीत

चांगला कारागीर आधी मोजतो, मग बोलतो. निदानाची पहिली पायरी म्हणजे गाडी चालवून पाहणे. ब्रेक न दाबताही थरथर होत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये किंवा टायरमध्ये असतो. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढील डिस्ककडे पाहावे. स्टिअरिंग स्थिर असून आसन किंवा पेडल थरथरत असेल, तर मागील ब्रेकही तपासावेत. अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल खडखडत मागे ढकलते, तो मात्र दोष नव्हे. चाक अडकून घसरू नये म्हणून ए.बी.एस. ही यंत्रणा कार्यरत झाल्याची ती खूण असते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे.

दुसरी पायरी चाक काढून पाहण्याची. डिस्कवर निळसर डाग, काळपट पट्टे, तडे किंवा पॅडच्या आकाराचा ठसा आहे काय, हे पाहावे. नंतर डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवून तिच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत डायल गेजचे टोक टेकवावे व डिस्क हाताने सावकाश फिरवावी. काटा किती हलतो, त्यावरून डगमग कळते. बहुतेक मोटारींत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंत चालते. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली असते. त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजून नोंदवावी.

येथे एक युक्ती उपयोगी पडते. डगमग अधिक आढळल्यास डिस्क काढून ती एक-दोन छिद्रे फिरवून पुन्हा बसवावी व पुन्हा मोजावे. सर्वाधिक डगमगीची जागा डिस्कबरोबर फिरली, तर दोष डिस्कचा. ती हबच्या त्याच बाजूस राहिली, तर दोष हबचा. दहा मिनिटांची ही तपासणी हजारो रुपयांचा अनावश्यक खर्च वाचवू शकते.

७. उपाय

उपाय निदानाप्रमाणे ठरतो. हबवर गंज असेल, तर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने तो धातू उघडा पडेपर्यंत साफ करावा. पॅडचे असमान लेपन नुकतेच झाले असेल, तर मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा सावकाश वेग कमी केल्याने, पण गाडी पूर्ण न थांबवल्याने, ते काही वेळा सारखे होते. जाडीत फरक पडला असेल, तर डिस्क लेथवर चढवून दोन्ही बाजूंनी सारखी करता येते. यालाच कारागीर फेसिंग मारणे म्हणतात. मात्र डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. फेसिंगनंतर जाडी त्या मर्यादेच्या खाली जाणार असेल, तर डिस्क बदललीच पाहिजे. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तिला तडे जाऊ शकतात. तडा गेलेली डिस्क कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरू नये.

डिस्क किंवा पॅड बदलताना एकाच आसावरील दोन्ही चाकांची जोडीने बदलावीत; अन्यथा ब्रेक विषम लागतो. नट नेहमी समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेतील मापाएवढेच आवळावेत. ब्रेकवरील धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धूळ काढावी व तोंडावर योग्य मास्क लावावा.

८. चालकाच्या हातातील गोष्टी

ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. लहान गिअरमध्ये इंजिन स्वतःच वेग आवरते आणि ब्रेकला थंड होण्यास अवधी मिळतो. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे हा आधार स्वतःच काढून टाकणे होय.

उतार संपताच गाडी उभी करून पेडल घट्ट दाबून ठेवू नये. शक्य असल्यास काही अंतर ब्रेक न लावता जावे, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवते. सिग्नलला थांबावे लागल्यास, रस्ता सपाट असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक लावावा. घाटातून आल्याबरोबर गाडी धुऊ नये. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडणे हितावह नाही. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; पाणी मुरल्यावरचे किमान प्रमाण १५५ अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, ते बदलावे.

९. तक्रार कशी मांडावी?

डॉक्टरकडे जाऊन कोणी "माझे यकृत बिघडले" असे सांगत नाही. "उजव्या कुशीत दुखते" असे सांगतो. गाडीची तक्रारही अशीच असावी. लक्षण सांगणे हे मालकाचे काम, निदान करणे हे कारागिराचे. "डिस्क वाकली आहे, पाहा" असे लिहिले की समोरचाही डिस्कच बदलतो. कारण शोधण्याची वाट त्या एका शब्दाने बंद होते. जॉब कार्डवर पुढीलप्रमाणे नोंद करावी :

"गाडी ८,२०० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यापासून ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते. ब्रेक न दाबता थरथर होत नाही. घाट उतरल्यावर त्रास वाढतो. मागील महिन्यात पुढील टायर काढून बसवले होते. डिस्कची डगमग व जाडी मोजून मापे लेखी द्यावीत."

या नोंदीत वेग, वेळ, परिस्थिती आणि पूर्वेतिहास आहे. तर्क मात्र नाही. अखेरचे वाक्य सर्वांत मोलाचे. मापे लेखी मिळाली की वाद मतांचा राहत नाही.

वॉरंटीच्या बाबतीत हे विशेष उपयोगी पडते. पॅड व डिस्क हे झिजणारे भाग असल्याने बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत त्यांच्यावर मर्यादा असतात. तथापि झीज निराळी आणि जोडणीतील किंवा उत्पादनातील दोष निराळा. हबची डगमग मर्यादेबाहेर असल्याचे मापांनी सिद्ध झाले, तर मालकाची बाजू बळकट होते. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते. पुण्यात गाडी घेऊन के. आर. पुरमला राहणाऱ्या ग्राहकाला तक्रारीसाठी पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून प्रत्येक जॉब कार्ड व बिल जपून ठेवावे.

ब्रेकची थरथर ही एक सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आणि तिचा अर्थ न समजता भाग बदलत राहणे खर्चाचे. जो मोजतो त्याला कारण सापडते. आणि जो नेमके सांगतो, त्याचे काम नेमके होते.

पाठगत प्रश्न २

१. डगमग डिस्कची आहे की हबची, हे कसे ओळखावे?
२. चाकाचे नट आवळताना कोणती काळजी घ्यावी?
३. जॉब कार्डवरील नमुना नोंदीतील कोणतीही तीन लक्षणे लिहा.

आपण काय शिकलो

• ब्रेक वेगाचे रूपांतर उष्णतेत करतो.
• मोटारीची डिस्क सहसा वाकत नाही. तिची जाडी असमान होते किंवा ती हबवर कललेली बसते.
• कारण दूर न करता डिस्क बदलल्यास दोष परत येतो.
• उतारावर लहान गिअर वापरल्यास ब्रेक सुरक्षित राहतो.
• तक्रारीत लक्षण सांगावे, तर्क सांगू नये.

शब्दार्थ

गतिज ऊर्जा – गतीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा
बीड – ओतीव लोखंड
परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
उत्कलनबिंदू – द्रव ज्या तापमानाला उकळतो ते तापमान
लेपन – थर बसणे किंवा बसवणे
हितावह – हिताचे, चांगले
निवणे – थंड होणे

पाठान्त प्रश्न

१. 'डिस्क वाकली' हे निदान अनेकदा चुकीचे का ठरते? सकारण स्पष्ट करा.
२. थरथर ताशी ४० किलोमीटरला न जाणवता ८० किलोमीटरला का जाणवते?
३. घाट उतरताना व उतरल्यानंतर चालकाने घ्यावयाची काळजी आपल्या शब्दांत लिहा.
४. पुढील वाक्यांतील लक्षण व तर्क वेगळे करा : (अ) पंख्याची मोटर जळाली आहे. (आ) पंखा सुरू केल्यावर पाच मिनिटांनी वास येतो. (इ) पंप चालू असतो, पण पाणी चढत नाही. (ई) पंपाचा वॉशर गेला आहे.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूची तक्रार साठ ते ऐंशी शब्दांत लिहा. तिच्यात केव्हा, कोठे, कोणत्या परिस्थितीत काय घडते, एवढेच असावे. ती नोंद एखाद्या जाणकार कारागिराला वाचून दाखवा आणि त्याला आणखी कोणती माहिती हवी होती, ते विचारून लिहून घ्या.